कोटातला खिळा

ठाणे, मार्गशीर्ष वद्य ३, शके १८०४

तीर्थरूप अण्णांस चिंतामणाचा नुसता नमस्कार. साष्टांग घालण्याइतका राग अजून निवळलेला नाही.

वेधशाळेतल्या नोकरीसाठी सोमवारी पुन्हा मुंबईस जायचे आहे. तिथे लोहचुंबकाच्या सुया टांगलेल्या असतात, म्हणून अंगावर लोखंड चालत नाही. मागच्या खेपेस चाकू, किल्ल्या दारातच ठेवल्या, आता काही नाही असे शपथेवर सांगितले, आणि मी जवळ जाताच सुई हलली. "मास्तर, खोटं बोलता?" हेडक्लार्क सगळ्यांदेखत म्हणाले.

काल संशय येऊन कोट उसवला. अस्तरात खिळा! दृष्ट लागू नये म्हणून ना? मी शाळेतला मास्तर आहे, पाळण्यातले पोर नव्हे. मुंबईत माझी अब्रू गेली, तिची दृष्ट आता कोण काढणार?

या खेपेस जोडासुद्धा बिनखिळ्यांचा शिवून घेतला. चांभार हसत होता.

खोकला थांबला आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? विचारणार नव्हतो.

कळावे. हुकूम तुमचा असला तरी टाके आईचे आहेत. म्हणून दोरा मी ठेवून घेतला आहे; खिळा तेवढा परत पाठवतो.

चिंतामण