डाळिंबी काठ

४ जानेवारी, गुरुवार
झेरॉक्स काढल्या. सगळ्यांसाठी. टेबलक्लॉथचा नमुना मयुरीने इथल्याच अडाजण भागातल्या कृपाली नावाच्या मुलीकडून मोबाइलवर विकत घेतलेला. खाली बारीक अक्षरांत – नक्कल करू नये. "मावशी, तिला कळलं तर?" म्हटलं, कळू दे. आमच्या गुरुवारच्या क्रोशाच्या बैठकीत एकीने आणलं ते सगळ्यांचं.
शाळेत सिस्टर ॲग्नेस नवा रुमाल विणला की फळ्यावर तक्ता काढायच्या. "कॉपी नीटली, गर्ल्स." नीट नक्कल करणं हा तिथे गुण होता. धाकटी बहीण मंदा माझ्या शेजारी बसून जिभेचं टोक बाहेर काढून विणायची.

११ जानेवारी, गुरुवार
गोंधळ. दुकानदाराने मोठा नमुना लहान कागदावर छापला, शेवटच्या फेऱ्या खाली कापल्या गेल्या. सगळा काठच गायब! आणि मयुरीने भीतीने मोबाइलमधूनही उडवलेला.
छाया म्हणाली, "देवाने शिक्षा केली." म्हटलं, देवाला दुसरी कामं आहेत. आपापल्या डोक्याने काठ घाला.
छायाने शिंपले घातले, मयुरीने साध्या कमानी. माझी बोटं आपोआप मंदाच्या डाळिंबी काठाकडे गेली. पाच खांब, म्हणजे उभे टाके, एकत्र मिटायचे, की फुगीर दाणा होतो. तिचा स्वतःचा काठ. घरातल्या प्रत्येक बाळाच्या झबल्याला तिने तोच घातला. शिकवला कोणालाच नाही. मी बघून बघून उचलला. ती जाऊन चार वर्षं झाली.

१५ जानेवारी
काल अख्खी सोसायटी पतंग घेऊन गच्चीवर. मी खाली विणत बसले. काठ पूर्ण.

२३ जानेवारी
इथल्या मराठी मंडळाच्या हस्तकला प्रदर्शनासाठी छायाने माझ्या टेबलक्लॉथचे फोटो पाठवले, ते फिरत फिरत कृपालीपर्यंत गेले. तिचा फोन. "आन्टी, आ तो मारी डिझाईन छे." प्रदर्शनातून काढा म्हणाली, नाहीतर तक्रार करते. मी म्हटलं, "बेटा, सूत मारुं, हाथ मारा." सूतही माझं, हातही माझे. तिने फोन ठेवला.
मंडळाचे हेमराजभाऊ म्हणतात, "ताई, भानगड नको, काढून घ्या." नाही काढणार. आमच्या ह्यांना मजा वाटते आहे – "पोलीस आले तर नुसता चहा, की जेवायलाच थांबवायचं?"

२७ जानेवारी, शनिवार
प्रदर्शनात टेबलक्लॉथ मांडला आणि मागे खुर्ची टाकून बसले. कोणी हात लावून दाखवावा.
कृपाली आली. चष्मा, बारीक अंगकाठी. स्वतःचा टेबलक्लॉथ पिशवीतून काढून माझ्याशेजारी पसरला. मधल्या फुलावरून बोट फिरवत, "ये मेरा, ये भी मेरा." खोटं नव्हतंच ते. बोट काठाशी आलं आणि थांबलं. "आ किनार मारी नथी." काठ तिचा नव्हताच. चक्क खाली फरशीवर बसली, डोळे काठाला लावून. उठली तेव्हा आवाजातला राग गेलेला, आणि बोलली मराठीत.
"आन्टी, ही किनार मला कागदावर उतरवून द्या. पुढच्या नमुन्यात तुमचं नाव घालीन. मग तक्रार वगैरे काही नाही."
मयुरीने कोपर मारलं. "द्या ना मावशी, सुटलो."
म्हटलं, गुरुवारी सांगते. मला असं अडखळताना मयुरीने कधी पाहिलं नसेल.

३१ जानेवारी
माझं नाव! मंदाच्या काठाखाली.
मंदाचं घाल म्हणता आलं असतं. तेही म्हणावंसं वाटत नाही.

१ फेब्रुवारी, गुरुवार
कृपालीला नाही म्हणून कळवलं. करायची ती तक्रार कर.
दुपारी बैठकीत मयुरीने कागद-पेन्सिल काढली. "तिला नाही तर नाही, आम्हाला तरी उतरवून द्या." सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या.
मी टेबलक्लॉथची घडी घातली. काठ आतल्या बाजूला.