ताईच्या फोटोखालची पाटी

४ जून

चि. चिमणीस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, मनावर घेऊ नकोस. रागाच्या भरात लिहिलेले दोन कागद फाडून टाकले.

तुझ्या दप्तरखान्यातलं तृतीयपंथीयांच्या इतिहासाचं प्रदर्शन पाहिलं. भिंतीवर आपली ताई. शिवणयंत्रापुढे बसलेली, ओठांत टाचण्या. ऊर भरून आला. मग चष्मा पुसून खालची पाटी वाचली. ‘अनोळखी पुरुष, बायकी वेशात.’

अनोळखी? अख्ख्या गल्लीचे कपडे तिने शिवले. मला वाढवलं, तुला लेक मानलं. तू तिथे नोकरीला असून ही पाटी लागते? डोळे काय खुंटीला टांगले होतेस?

तुझा,
मामा

११ जून

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

बोलणी पोटभर खाल्ली. पाटी मीच चिकटवली, दात-ओठ खात. आमच्यासारख्यांचे फोटो घरचेच जाळतात. हा आई गेल्यावर थोरल्या मामांनी अडगळ म्हणून तरी दिला, पण मजकूरही त्यांचाच. देणारा सांगेल तेच लावायचं, असा इथला नियम. साहेबांना म्हटलं, ही माझी आई. ते म्हणाले, रक्ताचं माणूस आण. सख्ख्या भावाने सही दिली तर पाटी बदलेल. पण तुम्ही थोरल्या मामांच्या घरात राहता, म्हणून मागायला जीभ रेटली नाही.

गुडघ्यांना जपा. लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमची,
चिमणी

२० जून

चि. चिमणीस आशीर्वाद.

तू रजेवर होतीस त्या दिवशी जाऊन आलो. साहेबांनी खुर्ची दिली आणि विचारलं, फोटोतला तुमचा भाऊ का. म्हटलं, बहीण. ते म्हणाले, पण मूळचा भाऊच ना. मी म्हटलं, मूळचे तुम्हीही रांगतच होता, साहेब म्हणून कुठे जन्मलात. मग त्यांनी कागद पुढे केला. मी मजकूर सांगितला: ‘ताई. कपडे शिवायची. दोन भावांची बहीण.’ खाली वेडीवाकडी सही ठोकली.

घरी येऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, तुझी एकट्याची बहीण लिही, माझं नाव काढ, नाहीतर घरातून चालता हो. नाव तुझं घातलेलंच नाही, म्हटलं, पण भाऊ दोन होतो ते दोनच राहणार.

पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. ताईच्या शिवणाच्या खोलीत तू राहतेस, तिथे यंत्राशेजारी माझी पथारी मावेल का? आणि नवी पाटी लागली का? आधी पाटीचं कळव, पण लवकर कळव.

तुझा,
मामा