डाव्या पंखाचं ठिगळ

मोताळा, बुधवार, दिवेलागणीले

आज इमान पुन्हा कडब्याच्या गंजीत घुसलं. पुन्हा डावाच पंख मोडला. पोरानं जहाजावरच्या नोकरीतून हे रेडिओवर चालणारं खेळण्याचं इमान आणलं, तवापासून माह्या धाकट्या भावाच्या, नामदेवच्या पोटात दुखते. खळ्यावर साऱ्यायसमोर म्हणे, "दादा, माळ्यावर टाका ते. साठीत शोभत नाही."

मी म्हटलं, "तुले या वयात पत्ते शोभतेत, मले इमान शोभते."

पण चूक कुठं झाली? दूर जाते तवा बरोबर वळते. माह्याकडं येते तवा हातातल्या रिमोटचं डावं बटन दाबलं का उजवीकडं पळते. काऊन? चाळीस वर्सं बैल हाकले, पण मागून. समोर उभं राहून कोणी हाकलते का बे? म्हणजे इमान माह्याकडं आलं का आपणच पाठ फिरवाची अन् खांद्यावरून मागं पाहाचं. मंग डावं ते डावंच राह्यते.

लोक हासतीन. हासू द्या.

हिनं आत्ताच डाव्या पंखाले आपल्या लुगड्याचं हिरवं ठिगळ खळीनं चिकटवलं. म्हणे, "उद्या गंजी सोडून उडवा."

माळ्यावर जात नाही ते. उद्या त्याच खळ्यावर, नामदेवच्या देखत.