ओठांवरून सिनेमा

२ फेब्रुवारी १९८६, रविवार. दु. १२.४०
आजपासून पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाचं परीक्षण लिहिणार. पुढेमागे पेपरात देता येईल. संपात गिरणी सुटली त्याला चार वर्षं झाली, पण डोकं चालू आहे.
दीडला पुतळाबाईंकडे. त्या मासळी विकतात, म्हणून आमच्या मजल्यावर टीव्ही त्यांचाच. रविवारी दुपारी परभाषेतले नावाजलेले जुने सिनेमे लागतात. सगळे खाली बसतात, मला खुर्ची. एक्स्पर्ट म्हणून.

सायं. ५.१५
बंगाली होता. खाली इंग्लिश अक्षरं पळत होती, तिकडे मी बघतच नाही. गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, वीस वर्षं काढली. त्या खडखडाटात कानाचा उपयोग शून्य, समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचं. ओठ सगळ्या भाषांत सारखेच हलतात. बायकांना सगळी स्टोरी जागच्या जागी मराठीत सांगितली. म्हातारा जमीनदार शेवटी गिरणी उघडायला तयार होतो. गिरणी कुठे दाखवली नाही, हे डायरेक्टरचं कौशल्य. परीक्षण: उत्तम.
दमयंती घरी येऊन म्हणाली, माझं बोलणं कानात ओरडून सांगितलं तरी तुम्हाला कळत नाही. कलावंतांच्या बायका अशाच.

४ फेब्रुवारी, मंगळवार
डिटेक्टिव्ह सिरियल. खुनी पहिल्या मिनिटाला ओळखला. माळी. शेवटी डॉक्टर निघाला. रायटरची चूक.

९ फेब्रुवारी, रविवार
मल्याळम. माडांची झाडं, होड्या, सगळं आपल्या कोकणासारखं, त्यामुळे अर्धं काम सोपं. बाई रोज धक्क्यावर नवऱ्याची वाट बघते.
शेजारची रखमा कधी बोलत नाही. तिचा नवरा धोंडू गिरणी बंद पडल्यावर कामाला म्हणून सुरतेला गेला, वर्षभर पत्र नाही. तिने आज विचारलं, भावजी, येतो का हो तो? शेवटी होडीतून एक माणूस उतरला. खांद्याला पिशवी. मी म्हटलं, आला बघ, म्हणतोय आता कुठे जायचा नाही. रखमा ढसाढसा रडली. घरी जाऊन धोंडूचे शर्ट धुतले, गॅलरीत वाळत टाकले.
शर्ट बघून जरा कसंसंच झालं. परीक्षण: उत्तम.

१३ फेब्रुवारी
रखमाने कुळथाची पिठी आणून दिली. पोस्टमनच्या वेळेला दारात उभी असते. दमयंतीने विचारलं, नक्की तसंच म्हणाला ना तो? मी म्हटलं, नक्की. पेपरवाल्यांना पत्र टाकायचं राहिलं. डिक्शनरीही आणायची आहे. सोमवारपासून.

१६ फेब्रुवारी, रविवार
खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय. त्यांची मृणालिनी बी.ए. करते. ती आज सिनेमाला आली आणि खालची इंग्लिश अक्षरं मराठीत वाचून दाखवायला लागली. माझी स्टोरी वेगळी, तिची वेगळी. मी म्हटलं, छापणाऱ्याची चूक असेल. मग कुणीतरी मागच्या रविवारचा विषय काढला. तिने तो आधीच्या घरी पाहिला होता. होडीतून उतरला तो पोस्टमन. नवरा गेल्याची तार घेऊन आलेला.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. रखमाने बघितलं नाही. उठली, आठवडाभर गॅलरीतच ठेवलेले शर्ट काढले, दार लावून घेतलं.
सिनेमा वेगळा, धोंडू वेगळा, हे तिला जाऊन सांगायला हवं होतं. दारापर्यंत गेलो. कडी वाजवली नाही. फार लाज वाटली. ओठ बघून मला खरंच कळायचं. साचेखात्यात तरी कळायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार
खुर्चीत मृणालिनी. मी पायपुसण्याजवळ जागा बघत होतो. पुतळाबाई म्हणाल्या, वाऱ्याने अँटेना हलते रे धर्मा, तू जरा गच्चीवर जाऊन धरून बस. टेक्निकल जबाबदारी आहे, कुणालाही देता येत नाही. गेलो.
वरून विचारलं, आलं का? एकदा आलं म्हणाले. नंतर हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. वाटलं, सीन गंभीर असणार. हात भरून आले, पण हलवले नाहीत.
दमयंती वाळत घातलेले पापड गोळा करायला वर आली. म्हणाली, इथे काय करताय, सिनेमा संपून तास झाला, सगळे आपापल्या घरी गेले.
मला कुणी सांगितलंच नाही. मी धरूनच होतो.