गळा खोल कापला गेला, आता काय करू?

ती. सौ. आत्यास,

साष्टांग दंडवत. तुझी मान कशी आहे? (फोनमध्ये डोकं खुपसून बसते म्हणून दुखते, असं घरात सगळ्यात मोठ्याने मीच म्हणायचो. ते शब्द गिळले, तेही पाण्याशिवाय.) आतोबांना नमस्कार.

पत्रास कारण की, तुमच्या शिवणकामाच्या ग्रुपवरचा तंटा. ग्रुप चालवणाऱ्या आमच्या कंपनीच्या मालकांनी तुम्हा बिनपगारी मॉडरेटर बायकांच्या डोक्यावर संदेश तपासणारं यंत्र बसवलं, तुम्ही चिडून ग्रुपला कुलूप घातलंत, मालकांनी ते फोडून तुम्हालाच बाहेर काढलं, हे तू जाणतेसच. पण यंत्रावर देखरेखीला कोणाला बसवलं? मला! का, तर ऑफिसात मराठी वाचणारा मी एकटा. म्हटलं, शिवणाऱ्या बायका, त्यात सांभाळायचं काय डोंबल! पहिल्याच सकाळी एकीने लिहिलं, "गळा खोल कापला गेला, आता काय करू?" यंत्राने संदेश उडवला आणि तिला जवळच्या माणसाशी बोलायला सांगितलं. दुसरी म्हणाली, "घाबरू नकोस, माझंही पोट उसवलं होतं, वरून टीप मारली." ती हिंसक ठरून बाहेर गेली. तिसरीने दोन्ही बाह्या उडवल्याचं कळवलं, तेव्हा यंत्राचा इशारा पाहून मालक स्वतः माझ्या टेबलापाशी धावत आले. कपड्याचा गळा म्हणजे काय, हे मी त्यांना स्वतःचा शर्ट ओढून समजावलं. (बटण तुटलं. ते लावायलाही मला येत नाही.)

मग तुझं जुनं लिखाण वाचायला बसलो. अगं, काय बाई आहेस तू! तोच गळ्याचा प्रश्न, आणि दर वेळी उत्तर वेगळं. नवशिकीला, "कात्री खाली ठेव, चहा घे, मग फोटो टाक." मुरलेल्या बाईला, "घाई नडली ना? भोग आता. मागून पट्टी लाव." आणि एकीला तू कपड्याचं काहीच विचारलं नाहीस, नुसतं लिहिलंस, "नंबर दे, आत्ता फोन करते." तिने लिहिलेला गळा कपड्याचा नव्हता, हे तुला कसं गं कळलं? आज ती तिथे सगळ्यांना काज करायला शिकवते. आणि तुला आम्ही रिकामटेकडी म्हणायचो! यंत्राला सोड, हे मलाही सात जन्मांत जमायचं नाही.

तुझा,
बटण तुटलेला भाचा

ता. क. : मालक नरमलेत. आठवड्याअखेर ग्रुप रुळावर आला नाही, तर ग्रुप बंद आणि मी घरी. तेव्हा ये गं बाई. अटी मात्र घसघशीत घाल, यंत्र तुमच्या हाताखाली राहील ही पहिली.

ता. क. दुसरा : हे कागदावर का? फोन तू उचलत नाहीस, म्हणून बायकांकरवी तुला कळेल या आशेने काल मी ग्रुपवरच लिहिलं, "मालकांनी माझ्या आत्याचा केसाने गळा कापला." यंत्राने देखरेख करणाऱ्यालाच कायमचं बाहेर काढलं, आणि जवळच्या माणसाशी बोलायला सांगितलं. म्हणून तुला लिहितोय.