श्वान उद्यान, उद्घाटन बाकी

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कारण, कुत्रा.

राजेश्वरीला बाळ झालं, बाळाला सर्दी झाली आणि सर्दीचं खापर कुत्र्यावर फुटलं. सौ. दोन महिन्यांपासून बाळासाठी तिच्याकडे पुण्यालाच आहे. त्यामुळे काल लेक कुत्रा इथे नगरला सोडून गेली. डिसेंबरात येऊन बघते म्हणाली. मला झेपत नसेल तर तिच्या ऑफिसातल्या कुणाचं मोशीला फार्महाऊस आहे, तिकडे देऊन टाकणार. मला कुत्र्याचं काही नाही. पण झेपत नसेल हे काय बोलणं झालं? साखर कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. सहाशे माणसं वेळेवर आणली. हा तर एकच आहे.

त्याचं नाव कुकी. बदललं. सुभेदार.

संकल्प: सहा आठवड्यांत बस, ऊठ, थांब, ये. चारही.

४ नोव्हेंबर
वेळापत्रक तयार केलं. दोन रंगांत. त्याला दिसावं म्हणून त्याच्या उंचीवर चिकटवलं.

संध्याकाळी ५. सुभेदारने वेळापत्रकाचा खालचा अर्धा भाग खाल्ला. दुपारनंतरचे सगळे कार्यक्रम त्यात होते. आज मोकळा वेळ.

६ नोव्हेंबर. सकाळी ७
मोठा शोध. आपल्या सावेडीतच, दोन अपार्टमेंट आणि मोबाईल टॉवर यांच्या मधल्या बोळात महापालिकेने श्वान उद्यान केलं आहे. जेमतेम दोन गुंठे. जाळीचं कुंपण, एक नळ, एक सिमेंटचा बाक, जमिनीत अर्धे पुरलेले तीन टायर. कुत्र्याने टायरवरून उडी मारायची, असा अंदाज. शेजारच्या बिल्डिंगवाल्यांनी कुंपणावर गोधड्या वाळत घातल्या होत्या.

फाटकाला कुलूप. उद्घाटन बाकी. कोनशिलेवर निळा प्लास्टिक कागद, सुतळीने बांधलेला. किल्ली झाडणाऱ्या कडूबाईंकडे असते. मूळ काष्टीच्या. त्यांनी कुलूप उघडलं आणि म्हणाल्या, या की आत, कुनी काय म्हनत न्हाई. मी नम्रपणे नकार दिला. उद्घाटनाआधी शिरणं म्हणजे नैवेद्याआधी जेवायला बसणं. बाई हसल्या. शिस्तीची सवय नसलेल्या माणसाला ती विनोदीच वाटते.

७ नोव्हेंबर
मधला मार्ग काढला. नियम माणसांना लागू, जनावरांना नाही. सुभेदार कडूबाईंबरोबर आत जाईल. मी समोर परवेझच्या टपरीवर बसून देखरेख करीन. प्रशिक्षक जरा लांब असलेलाच बरा.

दोन चहा.

११ नोव्हेंबर
देखरेख चालू. सुभेदार बाईंच्या खराट्यामागे फिरतो. त्या थांबल्या की थांबतो. "थांब" जमलं म्हणायला हरकत नाही.

तीन चहा, एक क्रीमरोल.

१५ नोव्हेंबर
श्वान उद्यान नागरिक समितीची स्थापना. अध्यक्ष मी. सचिव अंगदराव, निवृत्त मास्तर. त्यांचा पॉमेरेनियन चौदा वर्षांचा आहे, त्यामुळे अनुभव दांडगा. सदस्य परवेझ. त्याच्याकडे कुत्रा नाही पण खुर्च्या आहेत. पहिला ठराव: उद्घाटनाची तारीख लवकर मिळावी. दुसरा ठराव: उद्घाटनाला अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत. एकमताने मंजूर. सुभेदार तासभर आत होता. बाईंनी त्याला काहीतरी खायला घातलं असावं, तोंडाला पीठ होतं.

१९ नोव्हेंबर
बिबट्या आल्याचा व्हॉट्सॲप. व्हिडिओतला बिबट्या नेमका कुठला, समजत नाही. काळजी म्हणून सुभेदारला फाटकापर्यंतच सोडलं आणि घरी येऊन बातम्या बघितल्या. दोन तासांनी कडूबाई स्वतः त्याला घरी आणून सोडून गेल्या. म्हणाल्या, लई गुनी लेकरू हाय. कौतुक ऐकून बरं वाटलं. मेहनत माझी आहे.

२४ नोव्हेंबर. सकाळी ७.४०
ऐतिहासिक. टपरीवरून मी खणखणीत आवाजात "बस" म्हणालो आणि आत सुभेदार बसला! परवेझ साक्षीला आहे. त्याच वेळी कडूबाईही त्याला काहीतरी म्हणत होत्या, असं परवेझचं म्हणणं. योगायोग.

राजेश्वरीला फोन करून कळवलं. तिने विचारलं, जेवता का वेळेवर? म्हटलं, सकाळी दोनशे ग्रॅम, संध्याकाळी दोनशे. ती म्हणाली, कुत्र्याचं नाही विचारत.

रेंज गेली.

२ डिसेंबर
गुडघा. थंडीही आहे. कडूबाई सकाळी घरी येऊन सुभेदारला नेतात, आठला परत आणतात. हे तात्पुरतं आहे.

एक तक्रार मात्र केली. त्या त्याला बाळ्या म्हणतात. मी सांगितलं, नाव सुभेदार आहे, दोन नावांनी जनावर गोंधळतं. त्या म्हणाल्या, व्हय साहेब, चुकलंच. आणि वळून म्हणाल्या, चल रं बाळ्या. तो गेला.

त्याने सुभेदारपदाच्या थाटात मान डोलावली, हे मी खिडकीतून पाहिलं.

९ डिसेंबर
तारीख मिळाली! अठरा. नारळ, फीत, शाली, स्पीकर परवेझचा. कार्यक्रमात प्रात्यक्षिक होणार: अध्यक्ष शिट्टी वाजवतील, श्वान धावत येईल. कारखान्याची जुनी शिट्टी माळ्यावरून काढली. भाषण लिहिलं, नऊ पानं. अंगदराव म्हणाले, दोन शब्द ठरले होते. मी म्हटलं, शब्द दोनच आहेत, शिस्त आणि प्रेम. बाकी स्पष्टीकरण.

घरी रंगीत तालीम. शिट्टी वाजवली. सुभेदार पलंगाखाली गेला. तिथून बाहेर यायला तयार नव्हता, म्हणून मीच खाली फरशीवर बसलो. तासाभराने त्याने माझ्या पायावर डोकं ठेवलं. पायाला मुंग्या आल्या, पण उठलो नाही.

१६ डिसेंबर
आचारसंहिता लागली. निवडणूक होईपर्यंत उद्घाटन नाही. माणसं येऊन कोनशिलेवर आणखी एक कागद गुंडाळून गेली. शाली परत. भाषण जपून ठेवलं आहे.

परवेझ म्हणाला, काका, आता कोण विचारतंय, आत या. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२० डिसेंबर. संध्याकाळी ७
राजेश्वरी उद्या येते. सकाळी उद्यानातच येऊन सुभेदारची प्रगती बघणार. मी निश्चिंत आहे.

मोशीला जागा ऐसपैस असेल. कुत्र्याला मोकळं रान हवंच. मला वाईट वाटण्याचं कारण नाही. फक्त संध्याकाळी पेपर वाचताना घरात आणखी कुणीतरी श्वास घेत असतं, ते बंद होईल. ते बंद व्हायला नको आहे. हे लिहिलं, पण खोडणार आहे.

पेन चालत नाही. खोडायचं राहिलं.

२१ डिसेंबर, रविवार
पूर्ण वृत्तांत.

७.३० ला राजेश्वरी आली. सुभेदार आत, कडूबाईंबरोबर. मी फाटकाबाहेर, इस्त्रीच्या शर्टात. सगळी टपरी बघत होती. शिट्टी वाजवली. सुभेदार बाईंच्या पायामागे लपला. "सुभेदार, ये" म्हणालो. तीनदा. तो टायरच्या पलीकडे गेला.

कडूबाई खराट्याच्या दांड्याने त्याला हळूच माझ्याकडे ढकलत होत्या. मला दिसलं. राजेश्वरीलाही दिसलं असावं. मग बाई मोठ्याने म्हणाल्या, साहेबांचं लई ऐकतो वं ताई, आज थंडी हाय म्हनून. इतक्या चांगल्या आवाजात कुणी माझ्यासाठी खोटं बोललं नव्हतं. मला तिथून जावंसं वाटलं.

राजेश्वरी सरळ फाटक उघडून आत गेली. उद्घाटनाचा उल्लेख मी केला. ती बाकावर बसली, कडूबाई तिच्या शेजारी. अर्धा तास बोलत होत्या. मधूनमधून दोघी माझ्याकडे बघत. मी बाहेर शिट्टी खिशात घालून उभा. परवेझने चहा आणून दिला, पैसे घेतले नाहीत.

बाहेर आल्यावर राजेश्वरी म्हणाली, राहू दे त्याला इथेच. मोशी रद्द.

जिंकलो. निकाल स्पष्ट आहे. सात आठवड्यांच्या पद्धतशीर प्रशिक्षणाचा विजय. जाताना तिने कडूबाईंचा नंबर घेतला. कुत्र्यासाठी, म्हणाली. बसच्या खिडकीतून माझ्याकडे बराच वेळ बघत होती. सर्दी तिलाही झालेली दिसते.

२३ डिसेंबर. सकाळी ८.१५
सुभेदारला आज स्वतः घेऊन गेलो. गुडघा बरा आहे. समितीच्या अध्यक्षाने जागेची पाहणी करायला हरकत नाही, म्हणून आत गेलो आणि बाकावर बसलो.

कडूबाईंनी झाडणं थांबवून विचारलं, काल रात्री बाळ्या जेवला का? म्हटलं, जेवला. मग विचारलं, आन तुमी? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला. त्या म्हणाल्या, ताईनं दोघांचं बी इचारायला सांगितलंय, दोन दिस झालं सांजच्याला फोन येतो. मी म्हटलं, जेवलो. त्यांनी विचारलं, काय जेवला?

मी सुभेदारचा पट्टा सैल केला.

त्यांनी डबा उघडला. बाजरीच्या भाकरीचे दोन तुकडे केले. एक त्याला, एक मला. आधी त्याला.