दादाच्या विमानाचा स्पार

६ एप्रिल, लातूर
नांदेडहून आले. इंजिनिअरिंग कॉलेजला सुट्टी. दादाचं विमान अंगणात, जवळजवळ तयार. हवाई दलात त्यानं इतकी वर्षं दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केली, उडवायला एकदाही मिळालं नाही. आता जयंतीला उडणार. सगळ्या वस्तीला सांगून बसलाय. परवानगी? जिल्हा नवा, कुणाला विचारायचं तेच कुणाला ठाऊक नाही.
स्पार आणखी तासायचा म्हणतो. पंखाचा सगळा भार त्या एका लाकडी दांड्यावर!
"न्हाई," म्हटलं.
"अगं, इंजिन केवढंसं. जड झालं तर जमीन सोडत न्हाई."
तेही खरं. आटलेल्या तळ्यातून उडायचं, समोर बांध. तापलेल्या हवेत पंखाला उचल कमी. जड ठेवलं तर बांधावर आदळेल. हलकं केलं तर वर गेल्यावर... लिहवत नाही.

९ एप्रिल
तासलाच. मी बाजारात गेले तेवढ्यात. अंगणभर भुस्सा.

१२ एप्रिल
हट्टानं चाचणी करायला लावली. पंख उलटा बांधून वर वाळूची पोती, उडताना येईल तेवढा भार. शेवटच्या पोत्याला कर्र झालं.
दादा : "लाकूड जागेवर बसतंय."
बोल्टच्या भोकापाशी नख फिरवलं. केसाएवढी चीर. या कोरड्या उन्हाळ्यानं लाकूड पार सुकलंय.
"सरस भरतो. परवा उडणार म्हंजे उडणार."
आई मला म्हणाली, "तू शिकलीस ना? मग थांबव की त्याला."

१३ एप्रिल
दादा पेट्रोल आणायला गेला. मी करवत घेतली. स्पार मधोमध कापला.
आल्यावर त्यानं दोन्ही तुकडे उचलून बघितले. "माझा जीव हाय. तुझा न्हाई." एवढंच.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीत लोक वर बघत होते. "कधी उडणार?" दादा सगळ्यांना सांगत होता, इंजिन बिघडलं. माझं नाव घेतलं नाही. मला रडू फुटलं.

१९ एप्रिल
आज बोलला. उदगीरहून नव्या लाकडाच्या पट्ट्या आणल्यात. माझ्यापुढं ठेवल्या.
"जाडी तू सांग. तू म्हणशील तेवढीच ठेवतो. मग मात्र उडणार."
त्याच्यावर ओरडणं सोपं होतं. आता आकडा माझा. वहीत मांडते, खोडते. बाहेर रंधा घासल्याचा आवाज. अजून सांगितला नाही.